गाडीचे वय नव्हे, धाव मोजा

गेल्या वर्षी माझ्या प्रीमियर पद्मिनीने पन्नाशी ओलांडली आणि कायद्याच्या दृष्टीने ती एका रात्रीत प्रतिष्ठित झाली. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली खासगी मोटार ‘व्हिंटेज’ ठरते. वीस हजार रुपये भरले की तिला ‘व्हीए’ अक्षरांचा स्वतंत्र नोंदणी क्रमांक मिळू शकतो. आदल्या दिवसापर्यंत हीच गाडी शासनाच्या लेखी केवळ एक जुने वाहन होती. तिच्यात काहीही बदललेले नव्हते. बदलली होती ती फक्त दिनदर्शिका.

ती पन्नाशीपर्यंत पोहोचली याचे श्रेय भिलाईच्या कॅम्प-१ मधील एका मिस्त्रींना आहे. भिलाईचा करार १९५५ साली सोव्हिएत संघाशी झाला, तेव्हा हा प्रदेश ज्या राज्यात होता त्याची राजधानी नागपूर होती. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कारखाना उभारायला आलेल्या मजुरांच्या छावण्यांची आठवण ‘कॅम्प’ या नावात आजही उरली आहे. न मिळणारा सुटा भाग लेथवर घडवून घेण्याची विद्या येथे पित्याकडून पुत्राकडे आली. माझ्या तीन पिढ्यांच्या तीन गाड्या या मिस्त्रींनी पाहिल्या आहेत: पद्मिनी, रोजच्या वापराची अठरा वर्षांची छोटी पेट्रोल मोटार आणि सुटीत घरी येणाऱ्या कन्येची इलेक्ट्रिक गाडी. या तिन्ही गाड्यांवर माझे प्रेम आहे. मात्र शासन तिन्हींना एकाच प्रश्नाने जोखते, आणि तो प्रश्न चुकीचा आहे, असे माझे मत आहे. तो प्रश्न असा : गाडी किती वर्षांची?

प्रशासनाला हे एके काळी ठाऊक होते. केंद्र सरकारी वाहनांच्या निर्लेखनाच्या जुन्या नियमांत वर्षे आणि किलोमीटर अशा दोन मर्यादा असत, आणि जी नंतर गाठली जाईल ती ग्राह्य धरली जाई. कमी धावलेली जीप केवळ वयामुळे मोडीत निघू नये, एवढी समज त्या रुक्ष तक्त्यात होती. १ एप्रिल २०२३ पासून मात्र पंधरा वर्षांहून जुन्या शासकीय वाहनांची नोंदणी सरसकट रद्द होऊ लागली. मी स्वतः सेवेत असताना निर्लेखनाच्या कित्येक प्रस्तावांवर स्वाक्षऱ्या केल्या आहेत. वयाची अट सोयीची असते, कारण तिला तपासणी लागत नाही, हे मी अनुभवाने सांगतो.

धावेचा निकष लावला तर जुन्या गाड्यांचा प्रश्न सुटसुटीत होतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली तेव्हा हळहळ व्यक्त झाली. मीही हळहळलो, तथापि निर्णय योग्यच होता. टॅक्सी दिवसभर, गर्दीच्या रस्त्यांवर धावते. वीस वर्षांत तिने कित्येक खासगी गाड्यांचे आयुष्य खर्ची घातलेले असते. माझी पद्मिनी वर्षाला तीनशे किलोमीटरही जात नाही. दोघींचे इंजिन एका कुळातले, पण शहराच्या हवेवरचा त्यांचा भार भिन्न. स्टिअरिंगजवळचा तिचा गिअरचा दांडा मला प्रिय आहे, म्हणून तिला रोज कचेरीला न्यावे असे मी म्हणणार नाही. शिसेविरहित पेट्रोल देशभर येण्याच्या कितीतरी आधीची ती गाडी आहे.

खरी अडचण मधल्या गाडीची आहे. पंधरा वर्षांनंतर मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क २०२२ मध्ये सहाशे रुपयांवरून पाच हजारांवर गेले. २०२५ मध्ये वीस वर्षांवरील मोटारींसाठी ते दहा हजार झाले. निवृत्त शिक्षक, छोटा दुकानदार, कारखान्यातील कंत्राटी कामगार यांच्यासाठी गाडीच्या बाजारभावाच्या तुलनेत ही रक्कम लहान नाही. शिवाय ती धुराप्रमाणे किंवा वापराप्रमाणे बदलत नाही. महिन्याला दोनशे किलोमीटर चालणारी सुस्थितीतील मोटार आणि रोज शंभर किलोमीटर धावणारी, काळा धूर ओकणारी गाडी, दोघींना एकच दंड.

यावर सांगितले जाते की जुनी गाडी मोडावी, नवी घ्यावी, हवा सुधारेल. भिलाईत राहणाऱ्याला हे इतके सरळ वाटत नाही. आमचा कारखाना रूळ आणि जाड पत्रे बनवतो, मोटारींचा पत्रा नव्हे. पण पोलाद कसे जन्मते ते येथे दिसते. झोतभट्टीच्या मार्गाने एक टन पोलाद बनवताना दोन टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइड वातावरणात जातो. गाडीचा धूर पहिल्या किलोमीटरच्या आधीच सुरू झालेला असतो. कमी धावणारी गाडी बदलल्यास तो खर्च भरून निघायला दीर्घ काळ लागतो.

इलेक्ट्रिक गाडीलाही हेच लागू पडते. कन्येची गाडी चालवताना जो तत्काळ जोर मिळतो त्यापुढे माझी पद्मिनी बैलगाडी ठरते. आपली बहुतांश वीज कोळशातून येत असली, तरी इलेक्ट्रिक मोटर पेट्रोल इंजिनाहून ऊर्जेचा कितीतरी चांगला उपयोग करते. परंतु बॅटरी बनवताना झालेले प्रदूषण फेडले जाते ते धावण्यातून. म्हणून लाभ द्यावा तो जास्त धावणाऱ्यांना. २०२४ च्या ‘पीएम ई-ड्राइव्ह’ योजनेने दुचाकी, तीनचाकी आणि बस यांवर भर देऊन हे भान दाखवले. मात्र पाच टक्के जीएसटीची सवलत आलिशान खासगी इलेक्ट्रिक मोटारीलाही मिळते, तर छोट्या पेट्रोल गाडीवर अठरा टक्के. महाराष्ट्राने २०२५ मध्ये तीस लाखांवरील इलेक्ट्रिक मोटारींवर सहा टक्के कर सुचवला आणि नंतर मागे घेतला. बंगल्यातील तिसऱ्या गाडीला सवलत देण्यापेक्षा तोच पैसा शहर बसला दिला, तर प्रत्येक रुपयामागे अधिक धूर टळेल.

किलोमीटरच्या आकड्यात फेरफार होईल, हा आक्षेप रास्त आहे. त्यावर उपाय प्रशासनाच्या हातात आहे. प्रदूषण तपासणी इंधनावर चालणाऱ्या गाड्यांना करावीच लागते. त्या वेळी मीटरचे छायाचित्र ‘वाहन’ प्रणालीत नोंदवावे. आकडा मागे गेला तर दंड करावा. नूतनीकरणाचे शुल्क वर्षांऐवजी धाव आणि प्रत्यक्ष उत्सर्जन यांवर ठरवावे. स्वयंचलित तपासणी केंद्रे तालुक्याच्या आवाक्यात आणावीत. आणि दुरुस्तीच्या हक्काची जी चौकट केंद्राने २०२२ मध्ये आखायला घेतली, तिच्यात इलेक्ट्रिक गाड्यांची माहिती व सुटे भाग स्वतंत्र कारागिरांना मिळण्याची सक्ती असावी.

कारण कन्येची गाडी पाहून मिस्त्रींनी बॉनेट उघडले, क्षणभर पाहिले आणि हलकेच बंद केले. “साहेब, यात माझ्यासाठी काही ठेवलेलेच नाही,” ते म्हणाले. पन्नास वर्षे गाडी टिकवणारा कारागीरच उरला नाही, तर आजची एकही इलेक्ट्रिक गाडी पन्नाशी गाठणार नाही. आणि ‘व्हीए’ क्रमांक द्यायला शासनाकडे गाडीच नसेल.

(लेखक निवृत्त सनदी अधिकारी आहेत.)