धरणाकाठची गाणी आणि शाळेची घंटा

बारवी धरण भरून वाहू लागले की उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या शहरांना हायसे वाटते. वर्षाच्या पाण्याची चिंता मिटल्याची बातमी वर्तमानपत्रांत येते आणि आपण तो विषय मनातून काढून टाकतो. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने बांधलेले हे धरण १९७२ साली उभे राहिले. पुढे त्याची उंची टप्प्याटप्प्याने वाढवण्यात आली आणि २०१९च्या पावसाळ्यात ते वाढीव उंचीपर्यंत प्रथमच भरले. त्या पाण्याखाली तोंडली, मोहघर यांसारख्या गावांची घरे आणि शेते गेली. बाधितांत आदिवासी कुटुंबेही होती. मोबदला, पर्यायी जागा, घरटी एक नोकरी यांवर पुष्कळ वाटाघाटी झाल्या आणि त्या व्हायलाच हव्या होत्या. परंतु ज्या मालमत्तेचा पंचनामा होत नाही, तिचे काय झाले हे कोणी विचारले नाही. ती मालमत्ता म्हणजे त्या पाड्यांची बोली आणि त्या बोलीतील गाणी.

मुरबाड, शहापूर, अंबरनाथ या पट्ट्यात ठाकर, कातकरी आणि महादेव कोळी यांची वस्ती आहे. या समाजांत गाणे ही करमणुकीची वेगळी बाब नाही. लावणी, कापणी, लग्न, गौरी अशा प्रत्येक प्रसंगाचे गाणे ठरलेले असते आणि ते काम करता करता, नाचाच्या फेरात उभे राहून, मोठ्यांच्या तोंडून ऐकतच शिकायचे असते. नेमक्या त्याच वयात मूल आश्रमशाळेत येते. राज्यात शासकीय आणि अनुदानित मिळून हजाराहून अधिक आश्रमशाळा आहेत. वीटभट्टीच्या हंगामात आईबाप गाव सोडून जात असता कातकऱ्याच्या मुलाला निवारा, अन्न आणि अक्षर देणारी दुसरी व्यवस्था नाही, हे मान्यच केले पाहिजे. मात्र या व्यवस्थेची किंमतही आहे. गाण्याचे पंचांग एक आणि शाळेचे वेळापत्रक दुसरे. भाद्रपदात पाड्यावर गौरीचा नाच सुरू असतो, तेव्हा वसतिगृहात दिवे मालवण्याची घंटा होते. दहा वर्षांनी मुलगा दहावी होऊन घरी परततो, तेव्हा आजीच्या गाण्यातील निम्मे शब्द त्याला परके झालेले असतात.

शाळेत गाणी नसतात असे नाही. स्नेहसंमेलनात तारपा वाजतो, पाहुण्यांपुढे आदिवासी नृत्य होते आणि पाहुणे संतुष्ट होऊन जातात. स्वच्छता, साक्षरता, वृक्षारोपण यांची गाणीही मुलांकडून पाठ करून घेतली जातात. यात मूल गाते, पण त्याचे स्वतःचे असे काही गात नाही. दुसऱ्याने लिहिलेले प्रमाण मराठीतील गाणे तरी म्हणायचे, नाही तर आपलीच परंपरा वेषभूषेसह दाखवायची, एवढेच त्याच्या वाट्याला येते. आपल्या आजच्या जगण्यावर, आपल्या बोलीत, नवे गाणे रचण्याचा अधिकार त्याला कोणी दिलेला नाही.

म्हणूनच धरणाकाठच्या आश्रमशाळांत गाणी रचण्याची निवासी शिबिरे भरावीत, ही सूचना गांभीर्याने घेण्याजोगी आहे. यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: जेथे शिक्षकांची पदे रिकामी आणि ताटातले अन्न निकृष्ट, तेथे गाण्याची चैन कशाला? आक्षेप प्रामाणिक आहे, पण अपुरा आहे. आदिवासी मूल शाळेत मागे पडते त्याचे एक मोठे कारण असे की, पहिल्याच दिवशी त्याला त्याची भाषा चुकीची ठरल्याचे कळते. घटनेच्या ३५०-अ अनुच्छेदाने प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची तजवीज करण्यास राज्यांना सांगितले आहे. बोर्डी आणि कोसबाड येथे ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी मुलांच्या परिसरातूनच शिक्षणाची साधने उभी केली, त्यालाही आता कित्येक दशके लोटली. सातपुड्यात सरदार सरोवराच्या विस्थापितांनी १९९०च्या दशकात जीवनशाळा काढल्या आणि तेथे पावरीसारख्या बोलीला वर्गात जागा दिली. तेव्हा हा प्रश्न चैनीचा नाही, पायाचा आहे.

परदेशातील एक उदाहरण येथे उद्बोधक ठरेल. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला यिरकला नावाची आदिवासी वस्ती आहे. तेथील शाळेचे मुख्याध्यापक मंदावुय युनुपिंगू हे स्वतः गीतकार होते. १९८८ साली त्या देशाच्या पंतप्रधानांनी आदिवासींशी करार करण्याचे वचन दिले आणि ते पाळले गेले नाही. त्यावर युनुपिंगू यांच्या वाद्यवृंदाने १९९१ साली केलेले गाणे इंग्रजीबरोबरच त्यांच्या योल्ङू भाषेतही होते आणि ते देशभर गाजले. शिक्षणाविषयी बोलताना हे लोक नदीचे गोडे पाणी आणि समुद्राचे खारे पाणी जेथे मिसळते, त्या जागेचा दृष्टान्त देतात. दोन्ही प्रवाह मिसळावेत, एकाने दुसऱ्याला बुडवू नये, असा त्याचा आशय. बारवीच्या काठी या दृष्टान्ताचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

व्यवहाराची अडचण वाटते तेवढी मोठी नाही. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवावेत आणि त्या काळात त्यांनी स्थानिक कारागीर-कलावंतांकडे शिकावे, असे सुचवले आहे. हे दहा दिवस गाण्याला द्यावेत. एक जाणता संगीतकार शाळेत राहील, पण त्याच्या बरोबरीने पाड्यावरच्या दोन वृद्ध गायिका गुरू म्हणून बसतील आणि त्यांना त्याच्याइतकेच मानधन मिळेल. प्रथम मुलांनी ऐकावे, मग शब्द गोळा करावेत, मग रचावे. बोली जशी उच्चारली जाते तशीच लिहावी, तिचे शुद्धलेखन तपासू नये. गाणे प्रथम पाड्यावर म्हणावे, तालुक्याच्या व्यासपीठावर नंतर. ध्वनिमुद्रणाची प्रत शाळेत व पाड्यात राहावी, तिच्यावर रचणाऱ्या मुलाचे आणि शिकवणाऱ्या आजीचे नाव असावे आणि त्यांच्या संमतीवाचून ते गाणे कोणी वापरू नये. दुसऱ्या वर्षी तीच माणसे पुन्हा यावीत. एकदाच येऊन छायाचित्रे काढून जाणाऱ्यांची आदिवासी भागात मुळीच टंचाई नाही.

खरी कसोटी मात्र निराळी आहे. विषय मुलांनी निवडायचा, असे एकदा ठरले की ती मुले वीटभट्टीवर रचतील, वसतिगृहाच्या जेवणावर रचतील, धरण जवळ असून उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या आईवर रचतील. बुडालेल्या गावाचे नावही कोणाच्या तरी गाण्यात येईल. तेव्हा मुख्याध्यापक, प्रकल्प अधिकारी आणि देणगीदार यांना ते ऐकून घेता येईल काय? येणार नसेल, तर शिबिराचा खर्च न केलेलाच बरा.

बारवीचे पाणी पिणाऱ्या उल्हासनगरने हे सर्वांआधी समजून घ्यावे. १९४७ नंतर गाव आणि घर गमावून आलेल्या सिंधी निर्वासितांनी ते शहर वसवले. स्वतःचे राज्य नसतानाही त्यांच्या भाषेला १९६७ साली घटनेच्या आठव्या परिशिष्टात स्थान मिळाले, कारण तिच्यात लिहिणारे आणि गाणारे लोक उभे होते. ठाकरी आणि कातकरी या बोलींना ते स्थान नाही, आणि नजीकच्या काळात ते मिळेल असेही दिसत नाही. निदान त्या बोलींत लिहिणारी आणि गाणारी पिढी तरी आश्रमशाळेतून बाहेर पडावी. ज्यांच्या जमिनीवर आपले पाणी साठते, त्यांच्या मुलांसाठी वर्षातले दहा दिवस मागणे हे काही फार मोठे मागणे नव्हे.