रिकाम्या ऑफिसचा राखणदार
मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली आणि पुण्याजवळच्या हिंजवडीतली ऑफिसं ओस पडली. पुढे लोक परतले, पण बऱ्याच ठिकाणी आठवड्यातले दोन-तीन दिवसच. उरलेल्या दिवशी सगळ्या मजल्यांवर मिळून एखादाच वॉचमन दिसतो, आणि खर्चाची कात्री पहिली चालते ती त्याच्यावरच: माणूस काढा, कॅमेरे वाढवा. ही साफ चूक आहे. कॅमेरा चोरी दाखवतो, अडवत नाही. सराईत चोर तर जाताना रेकॉर्डिंग साठवणारा डीव्हीआरही उचलतो. यूपीएसच्या बॅटऱ्या आणि एसीचे तांब्याचे पाइप यांना भंगारात लगेच गिऱ्हाईक मिळतं. कुलूप तोडावंच लागतं असंही नाही, कारण नोकरी सोडून गेलेल्यांची प्रवेशाची कार्डं कित्येकदा चालूच राहतात. आणि ऑफिस पूर्णच बंद असेल, तर मोठी मेख आहे ती विम्यात. अनेक अग्निविमा पॉलिसींत इमारत 30 दिवसांहून जास्त काळ वापराविना राहिली आणि विमा कंपनीची मंजुरी घेतलेली नसली, तर संरक्षणच थांबतं. शिवाय गळणारा नळ, जळका वास, अनोळखी चेहरा हे फेरी मारणाऱ्या माणसालाच कळतं. महाराष्ट्रात या रक्षकांसाठी 1981 चा कायदा आहे, सुरक्षा रक्षक मंडळं आहेत. तेव्हा ऑफिसमालकांनो, जुनी कार्डं आजच बंद करा, पॉलिसी काढून वाचा आणि रात्रपाळीच्या माणसाला कमी करू नका, त्याला पूर्ण पगार द्या.