आधी मैदान द्या, मग प्रेक्षक मोजा!

महिलांच्या सामन्यांना प्रेक्षक येत नाहीत, म्हणून त्यांचे मानधन कमी, असा युक्तिवाद क्रीडाक्षेत्रातील धुरीण वर्षानुवर्षे करीत आले आहेत. वरवर पाहता तो बिनतोड वाटतो. मागणीच नसेल तर भाव कुठून येणार? परंतु हा युक्तिवाद तपासण्यासाठी फार लांब जाण्याची गरज नाही. खेड तालुक्यातील लोटे येथे उभे राहिले तरी पुरे. मुंबई-गोवा महामार्ग, लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीतील रासायनिक कारखाने आणि भोवताली कबड्डीवर जीव टाकणारी गावे व वाड्या. या मातीत कबड्डीला प्रेक्षक नाहीत असे कोण म्हणेल? मग त्याच कबड्डीत पुरुषांना कोट्यवधी रुपये आणि महिलांना पदक, शाल व श्रीफळ, असे का?

आकडेच पाहू. २०१४ साली प्रो कबड्डी सुरू झाली, तेव्हा सर्वांत मोठी बोली राकेश कुमार यांच्यावर लागली, १२ लाख ८० हजारांची. २०१९ साली कोल्हापूर जिल्ह्यातील सिद्धार्थ देसाई यांना १ कोटी ४५ लाख मिळाले. २०२३ साली पवन सेहरावत यांच्यावरील बोली २ कोटी ६० लाखांवर गेली. नऊ वर्षांत वीस पट! कबड्डीपटूंचा खेळ नऊ वर्षांत वीस पट सुधारला काय? मुळीच नाही. सुधारली ती मांडणी. मॅट आली, दिव्यांचा झगमगाट आला, समालोचन आले आणि रोज रात्री ठरलेल्या वेळी सामना घरोघरी दिसू लागला. प्रेक्षक आपोआप आला नाही, तो घडवला गेला.

महिलांच्या बाबतीत काय झाले? २०१६ साली प्रो कबड्डीच्या चौथ्या हंगामाला जोडून महिलांची स्पर्धा घेण्यात आली. संघ फक्त तीन. एका संघाची कर्णधार होती महाराष्ट्राची अभिलाषा म्हात्रे. अंतिम सामना २४-२३ असा अवघ्या एका गुणाने निकाली लागला. याहून रंगतदार खेळ कोणता हवा? तरीही ती स्पर्धा पुन्हा झाली नाही. पुरुषांना हंगामामागून हंगाम आणि महिलांना एकच संधी, तीही तीन संघांची. आणि वर ‘प्रेक्षक नाहीत’ हा निकाल!

कामगिरीत या मुली कमी आहेत म्हणावे तर तेही खरे नाही. २०१२ साली पाटण्यात पहिला महिला विश्वचषक भारताने जिंकला. त्या संघात अभिलाषा म्हात्रे, दीपिका जोसेफ आणि सुवर्णा बारटक्के या महाराष्ट्राच्या तिघी होत्या. राज्य शासनाने त्यांना प्रत्येकी १ कोटी जाहीर केले, त्याचे स्वागतच आहे. परंतु बक्षीस एकदा मिळते, रोजगार दरमहा लागतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये ढाक्यात भारतीय महिलांनी पुन्हा विश्वचषक जिंकला.

क्रिकेटकडेही पाहा. ऑक्टोबर २०२२ मध्ये नियामक मंडळाने महिला व पुरुषांना समान सामना शुल्क जाहीर केले. कसोटीला १५ लाख, एकदिवसीयला ६ लाख, टी-२० ला ३ लाख. परंतु त्या वेळी वार्षिक करारात पुरुषांची वरची श्रेणी ७ कोटींची आणि महिलांची ५० लाखांची होती. २०२३ ते २०२७ या काळासाठी प्रक्षेपण हक्कातून पुरुषांच्या लीगला सामन्यामागे सुमारे ११८ कोटी, तर महिलांच्या लीगला सुमारे ७ कोटी मिळाले. ही दरी खरी आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. पण पुरुषांची लीग २००८ ची आणि महिलांची २०२३ ची. पंधरा वर्षे उशिरा सोडलेल्या धावपटूला ‘तू मागे का?’ असे विचारणे हा कोणता न्याय? २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत महिलांनी विश्वचषक जिंकला, तेव्हा मैदान भरलेले होते.

इंग्लंडमधील प्रेस्टन शहरात पहिल्या महायुद्धाच्या काळात कारखान्यातील कामगार स्त्रियांनी फुटबॉल संघ उभारला. डिसेंबर १९२० मध्ये लिव्हरपूलला त्यांचा सामना पाहायला ५३ हजार लोक आले. पुढच्याच वर्षी फुटबॉल संघटनेने आपली मैदाने महिलांना बंद केली आणि ही बंदी सुमारे पन्नास वर्षे टिकली. म्हणजे प्रेक्षक होते, मैदानच काढून घेतले गेले!

संविधानाच्या अनुच्छेद ३९ मध्ये स्त्री-पुरुषांना समान कामासाठी समान वेतन हे राज्याचे धोरण असावे, असे म्हटले आहे. ते खेळाच्या मैदानाबाहेर थांबावे असे कुठेही लिहिलेले नाही. म्हणून मागणी लोट्यापासूनच सुरू झाली पाहिजे. कंपनी कायदा २०१३ नुसार मोठ्या कंपन्यांना नफ्याचा २ टक्के भाग सामाजिक कामावर खर्च करावा लागतो आणि ग्रामीण खेळांचे प्रशिक्षण त्यात बसते. या कायद्यात येणाऱ्या वसाहतीतील कंपन्यांनी मुलींसाठी मॅट, प्रशिक्षक आणि कपडे बदलण्याची सोय द्यावी, खेळाडू मुलींना नोकरी द्यावी. गावोगावच्या मंडळांनी मुलींचा अंतिम सामना भर उन्हात उरकू नये. तो रात्री, दिव्यांखाली, मुलांच्या सामन्याच्या बरोबरीने आणि तेवढ्याच बक्षिसाने खेळवावा.

एवढे सलग दहा वर्षे करा आणि मग प्रेक्षक मोजा. त्याआधी बाजारभावाचा दाखला देणे म्हणजे दार बंद ठेवून ‘कोणी आत का येत नाही?’ असे विचारण्यासारखे आहे.