शेतीस वीज मिळाली. धंद्यास बळकटी केव्हां?

रब्बीच्या हंगामांत रात्रीं दोन वाजतां हातांत विजेरी घेऊन गव्हाचें दारें धरणारा शेतकरी आमच्या वाचकांस नवा नाहीं. बहुतेक वाचक स्वतःच तो शेतकरी आहेत. शेतीच्या वाहिनीवर वीज कांहीं दिवस दिवसा व कांहीं दिवस रात्रीं अशी पाळीपाळीनें येते. ती येईल तेव्हां उठावें, मोटार चालू करावी, वाफा भरला कीं दारें मोडावें, साप, विंचू व थंडी यांची पर्वा करूं नये, आणि उजाडतांच पुन्हां दिवसाच्या कामास लागावें, हा क्रम वर्षानुवर्षें चालला आहे. पिकास पाणी रात्रीं लागतें म्हणून हें नव्हे. शहरांस व कारखान्यांस वीज दिवसा लागते म्हणून.

ही रात्रपाळी संपविण्याचा मार्ग आतां दिसूं लागला आहे, आणि त्याबद्दल समाधान न मानणें हा कृतघ्नपणा होईल. परंतु मिळालेली मदत व साधलेली बळकटी या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिली सरकारच्या हातीं आहे, दुसरी आमच्या. या दोहोंमधील अंतर शेतकरी बंधूंनीं वेळींच ओळखावें, एवढ्यासाठींच हा लेख लिहीत आहों.

शेतीच्या शक्तीचा इतिहास थोडा मागें जाऊन पाहूं. १९०३ सालीं लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं लोखंडी नांगर तयार केला तेव्हां लोखंडानें जमीन विषारी होते या समजुतीमुळें गिऱ्हाईक मिळणें कठीण झालें होतें. पुढें तोच नांगर घरोघर गेला. मोटेच्या जागीं तेलाचें एंजिन आलें, एंजिनाच्या जागीं विजेची मोटार आली. पण विजेशीं शेतकऱ्याची पहिली गांठ कशी पडली तेंही विसरतां कामा नये. १९२१ सालीं मुळशी पेट्यांतील मावळ्यांनीं सत्याग्रह केला, सेनापति बापट त्यांच्या पुढें उभे राहिले, तो विजेसाठींच्या धरणाविरुद्ध होता. भातखाचरें पाण्याखालीं गेलीं, आणि वीज मुंबईच्या गिरण्यांस व आगगाड्यांस गेली. जमीन शेतकऱ्याची व उजेड दुसऱ्याचा, असा तो व्यवहार होता. आज शंभर वर्षांनंतर गांवच्याच माळरानावर वीज तयार होऊन गांवच्याच विहिरींवर खर्च होण्याची सोय झाली आहे, हा फरक लहान नाहीं.

ही सोय कोणती, तें थोडक्यांत सांगतों. २०१७ सालीं राज्य सरकारनें मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना काढली, आणि २०२३ सालीं तिची दुसरी आवृत्ति आली. शेतीच्या उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारून त्या वाहिनीवरील पंपांस दिवसा वीज द्यावी, हा तिचा हेतु आहे. वैजापूर तालुक्यांतील धोंदलगांव येथें २०२४ सालीं दुसऱ्या आवृत्तींतील असा प्रकल्प सुरू झाला. केंद्र सरकारची कुसुम योजना २०१९ ची आहे. तिच्यांतून ज्याच्या विहिरीस विजेची तार पोंचली नाहीं त्यास स्वतंत्र सौर पंप मिळतो. आपल्या राज्यांत त्याच्या किंमतीचा शेंकडा दहा भाग शेतकऱ्यानें व शेंकडा पांच भाग अनुसूचित जातिजमातींच्या शेतकऱ्यानें भरावयाचा असतो. शिवाय साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांस २०२४ च्या एप्रिलपासून २०२९ च्या मार्चपर्यंत वीज मोफत देण्याचें सरकारनें जाहीर केलें. त्या वेळीं लाभ घेणारे शेतकरी सुमारें ४४ लाख व वर्षाचा भार १४,७६० कोटि रुपये असा आंकडा सांगण्यांत आला. भागाकार केला तर दर शेतकऱ्यामागें वर्षास सरासरी तेहतीस हजारांहून अधिक रुपये पडतात. इतकी रक्कम सार्वजनिक तिजोरींतून आपल्या विहिरीवर खर्च होत असेल तर तिचा हिशेब आपण आपल्याशीं मागितलाच पाहिजे.

पहिला हिशेब मुदतीचा. योजना पांच वर्षांची आहे. जी गोष्ट मुदतीची आहे ती कायमची मानून धंदा उभारणें म्हणजे उसन्या बैलांच्या भरंवशावर मोठें रान खंडानें घेण्यासारखें आहे. बैल परत मागितले म्हणजे रानही पडतें व खंडही अंगावर येतो. मोफत विजेच्या जोरावर जो आज दोन एकर ऊस वाढवील, त्याच्या पिकाचा खर्च २०२९ नंतर काय राहील? तो भाव त्याला झेपेल काय? हें त्यानें आजच पाटीवर मांडावें. पांच अश्वशक्तीची मोटार पूर्ण भारावर आठ तास चालली कीं सुमारें तीस युनिटें वीज खाते. वर्षांत शंभर दिवस धरले तर तीन हजार युनिटें झालीं. आपल्या दराप्रमाणें याची किंमत काढून प्रत्येकानें ती वहींत लिहावी. बिल येत नाहीं म्हणून खर्च होत नाहीं असें नव्हे. त्या रकमेचा निदान चौथा हिस्सा दरसाल सोसायटींत ठेव म्हणून टाकला तर पांच वर्षांच्या अखेरीस ठिबकाच्या नळ्या, नवी मोटार किंवा एका दुष्काळाची बेगमी होईल.

कोणी म्हणेल, "ज्याच्या घरीं सावकाराचा तगादा आहे त्याला ठेवीचा उपदेश कशाला?" आक्षेप खरा आहे, आणि आम्ही तो उडवून लावीत नाहीं. ज्यास ठेव शक्य नाहीं त्यानें त्या रकमेंतून आधीं जास्त व्याजाचें कर्ज फेडावें, तीही बळकटीच आहे. परंतु उरलेला पैसा कोठें गेला हें ज्यास सांगतां येत नाहीं, त्यास मदत मिळाली असें आम्हांस म्हणवत नाहीं. ती त्याच्या हातांतून वाहून गेली.

दुसरा हिशेब पाण्याचा, आणि तो अधिक कडक आहे. सूर्याची वीज फुकट म्हणून पंप दिवसभर चालूं राहिला तर विहिरीचा तळ लौकर दिसेल. मोटार पाणी उपसते, पाणी निर्माण करीत नाहीं. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यांतील नायगांव येथें विलासराव साळुंखे यांनीं पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीच्या प्रमाणांत न देतां माणसांच्या प्रमाणांत द्यावें, दर माणशीं अर्ध्या एकराचें पाणी मिळावें, भूमिहीनासही वांटा असावा, आणि ऊस लावूं नये, असे तिचे नियम होते. हे नियम सरकारनें लादले नव्हते. लोकांनीं आपल्यावर घालून घेतले होते. सौर पंपांच्या या दिवसांत असा निर्बंध गांवोगांवीं हवा आहे. ज्या गांवीं पन्नास सौर पंप येतील त्या गांवानें पाऊस संपतांच विहिरींची पातळी मोजावी, रब्बीस किती पाणी आहे तें चावडीवर लिहावें, आणि मग पिकें ठरवावींत. हें न केलें तर आजचे सौर पंप उद्यां कोरड्या विहिरींवर सांवली धरून उभे राहतील.

तिसरा हिशेब दुरुस्तीचा. आमच्या एका सभासदाच्या सौर पंपाच्या तीन पाट्या वळवाच्या वादळांत फुटल्या. पंप बसविणाऱ्या कंपनीचें नांव येथें घेण्याचें कारण नाहीं. तक्रार केल्यावर माणूस येऊन पाहून गेला, कागद झाले, आणि पाट्या येईपर्यंत भुईमुगाचें एक पाणी चुकलें. पांच वर्षांची हमी व विमा योजनेंत आहे हें खरें. पण पीक हमीच्या कागदावर जगत नाहीं, तें वेळेच्या पाण्यावर जगतें. तालुक्याच्या गांवीं सुट्या भागांचा सांठा असावा, आणि तक्रारीनंतर अमुक दिवसांत पंप चालू न झाल्यास कंपनीस दंड बसावा व तो शेतकऱ्यास मिळावा, अशी आमची सरकारकडे स्पष्ट मागणी आहे. सभासदांनींही पंप बसल्या दिवशींच पाट्यांचे क्रमांक, विम्याचा कागद व तक्रारीचा पत्ता एका जागीं ठेवावा. वादळानंतर शोधाशोध करण्यांत अर्धा हंगाम जातो.

चौथा हिशेब जमिनीचा. वाहिनी योजनेखालीं सौर प्रकल्पास जमीन भाड्यानें दिल्यास हेक्टरीं वर्षास १,२५,००० रुपये व दरसाल शेंकडा तीन वाढ असा दर ठरविण्यांत आला. पडीक माळास हें भाडें मोहक आहे, आणि ज्या माळावर कुसळांखेरीज कांहीं उगवत नाहीं तो देण्यास आमची हरकत नाहीं. परंतु शेंकडा तीन वाढीनें भाडें दुप्पट होण्यास सुमारें चोवीस वर्षें लागतात. तेवढ्यांत बी, खत व मजुरी किती पटीनें वाढली आहे हें मागील चोवीस वर्षांच्या आपल्याच वहीवरून पाहावें. पिकाऊ जमीन या मोहानें अडकवूं नये. करार करतांना सहहिस्सेदारांची व घरांतील स्त्रियांची सही घ्यावी, मुदत संपल्यावर लोखंड व काँक्रीट कोणीं काढावयाचें तें लिहून घ्यावें, पावसाच्या पाण्याची वाट शेजाऱ्याच्या बांधावर न जाईल अशी अट घालावी, आणि वाचून दाखविल्याशिवाय अंगठा उठवूं नये.

हे चारही हिशेब एकट्यानें मांडणें कठीण आहे, म्हणून आमचा कल सहकाराकडे आहे. गुजरातेंतील खेडा जिल्ह्यांत धुंडी नांवाचें गांव आहे. तेथें सहा शेतकऱ्यांनीं एकत्र येऊन सौर पंपांची सहकारी मंडळी काढली आणि उरलेली वीज कंपनीस विकण्याचा पंचवीस वर्षांचा करार २०१६ सालीं केला. दर युनिटास ४ रुपये ६३ पैसे ठरला. यांत विचार करण्याजोगी गोष्ट अशी कीं, वीज विकून पैसा मिळतो म्हटल्यावर नको तेव्हां पंप चालविणें तोट्याचें होतें. म्हणजे पाण्याची राखण उपदेशानें न होतां फायद्यानें होते. पंप वर्षांतले कित्येक दिवस बंदच असतो. त्या दिवसांच्या विजेस आपल्याकडे वाजवी दर मिळाला तर विहीरही वांचेल व वीज हें एक नगदी पीक होईल.

सहकारानें सर्व साधतें असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. आतांच्या अहिल्यानगर जिल्ह्यांतील मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्थेनें कित्येक वर्षें गांवांस वीज पुरविली. तिचा परवाना २०११ सालीं संपला व तें काम महावितरणकडे गेलें. थकबाकी हा त्या प्रकरणाचा गाभा होता. दोष कोणाचा याची वाटणी येथें करीत नाहीं. परंतु जी संस्था घेतलेल्या मालाचे पैसे वेळेवर वसूल करून वेळेवर देत नाहीं ती कितीही लोकहिताची असली तरी टिकत नाहीं, हा धडा सर्वांसाठीं आहे. वसुली हा सहकाराचा कणा आहे. तो वांकला कीं सभा, सत्कार व अहवाल यांनीं शरीर उभें राहत नाहीं.

वीज केवळ पंपासाठींच समजूं नये हेंही सांगणें अवश्य आहे. शेतकऱ्याचा तोटा शेतांत होतो त्याहून अधिक खळ्यावरून बाजारापर्यंतच्या वाटेवर होतो. कांदा चाळींत सडतो, टोमॅटो भाव पडतांच बांधावर ओतला जातो, तूर विकून शेतकरी डाळ विकत घेतो. दिवसा भरंवशाची वीज असेल तर गांवांत डाळीची गिरणी, भाजी वाळविण्याची सोय, दुधाचा शीतक व लहान शीतगृह चालूं शकतें. यासाठीं २०२० सालीं सुरू झालेल्या कृषि पायाभूत सुविधा निधींत दोन कोटि रुपयांपर्यंतच्या कर्जावर सात वर्षें शेंकडा तीन व्याजसवलत ठेवण्यांत आली. एकट्यास हें ओझें जड आहे; दहा जणांच्या मंडळीस तें पेलतें. ज्या दिवशीं भाव पडेल त्या दिवशीं माल राखून ठेवण्याची ताकद, यालाच आम्ही धंद्याची बळकटी म्हणतों.

असो. आमचें म्हणणें थोडक्यांत इतकेंच. सरकारनें दुरुस्तीची मुदत बांधावी, उरलेल्या विजेस दर द्यावा, आणि मोफत विजेची मुदत संपल्यावर काय होणार तें दोन हंगाम आधीं सांगावें. सभासदांनीं विजेची वही ठेवावी, विहिरीची पातळी मोजावी, करार वाचून घ्यावा, आणि मंडळी काढावी. पहिल्या गोष्टी मागण्याचा अधिकार दुसऱ्या गोष्टी करण्यानें येतो. मध्यरात्रीं दारें धरणारा शेतकरी आतां रात्रीं निजेल, ही मोठी गोष्ट झाली. पण तो निश्चिंतपणें निजावा अशी आमची इच्छा आहे, आणि ती निश्चिंती तारेंतून येत नाहीं, ती त्याच्या वहींतून व त्याच्या शेजाऱ्याच्या हातांतून येते.