अजिंक्य जंजिरा आणि विकलेली माणसं

शनिवारी भल्या पहाटे वारज्यातून निघालेल्या गाड्या चांदणी चौक, ताम्हिणी, माणगाव करत मुरूड गाठतात. पुढे राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाची होडी. किल्ल्यात पाऊल पडलं की कलालबांगडी तोफ, गोड्या पाण्याचे तलाव आणि 'जंजिरा कुणालाच घेता आला नाही' ही टेप सुरू होते. दरवाजावरचं शिल्प, पंजात हत्ती दाबून धरणारा सिंह, सगळ्यांच्या मोबाइलमध्ये येतो. हा किल्ला मूळच्या आफ्रिकी सिद्दींचा होता आणि त्यांच्या राज्यात माणसंही विकली जात, हे मात्र कुणी सांगत नाही.

चिटणीस घराण्यात चालत आलेली हकिकत ऐका. आवजी हरी हे सिद्दीच्या पदरी कारभारी. सिद्दीची मर्जी फिरली, आवजींना जिवे मारलं आणि त्यांच्या बायकोमुलांना मस्कतला नेऊन विकायचा हुकूम सुटला. गलबत राजापूरला लागलं. तिथं त्या बाईच्या भावानं पैसे मोजून बहीण-भाचे सोडवून घेतले. त्यातलाच एक भाचा पुढं शिवरायांचा चिटणीस झाला, बाळाजी आवजी.

मामा नसता तर? ज्यांना मामा नव्हता, त्यांची नावं कोणत्याच बखरीत नाहीत.

याच सिद्दींपैकी सिद्दी सात नावाचा सरदार तर आणखी दांडगा. 1727 मध्ये त्यानं चिपळूणजवळचं परशुरामाचं देवस्थान लुटलं, आणि 1736 मध्ये रेवसजवळच्या लढाईत चिमाजी अप्पांच्या फौजेनं त्याला ठार केलं. पण 'हबशी क्रूर' म्हणून विषय मिटवणं सोयीचं आहे, खरं नाही. आफ्रिकेतूनच लहानपणी विकला गेलेला, एका मालकाकडून दुसऱ्याकडे गेलेला मलिक अंबर पुढं निजामशाहीचा कर्ता झाला. सिद्दींचे पूर्वजही बऱ्याच अंशी याच व्यापाराच्या वाटेनं आले.

आणि पुणं? पेशवाईच्या कागदांत कुणबिणींची, म्हणजे गुलाम बायकांची, खरेदी-विक्री सरळ नोंदलेली आहे. व्यभिचाराचा ठपका आलेल्या बाईला सरकारी कुणबीण करत आणि कोठीत, पागेत राबवत. हे आठवलं की जंजिऱ्याकडे बोट दाखवणारा हात जरा खाली येतो. उलट 1677 मध्ये दक्षिणेत डच व्यापाऱ्यांना दिलेल्या कौलात शिवरायांनी गुलामांच्या खरेदी-विक्रीला मनाई केली होती, तीही इंग्रज सरकारनं हिंदुस्थानात गुलामगिरीविरुद्ध कायदा केला त्या 1843 सालाच्या दीडशेहून अधिक वर्षं आधी. हे पुण्यातल्या कोणत्या चौकात लिहिलेलं दिसतं?

किल्ला केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे. राजपुरीच्या धक्क्यावर मराठीतला एक फलक लावायला फार खर्च येणार नाही. त्यावर तोफेची माहिती असूच द्या. पण मस्कतला निघालेलं ते गलबतही असू द्या, आणि पेशवाईतल्या कुणबिणीही. खात्यानं हे काम येत्या हंगामाआधी करावं.