लेकीनं दूध सोडलं, त्यावर माझं मत



आज फवारणी, खताची मात्रा असलं काही नाही. विषय घरातला आहे, पण तो गोठ्यातून आणि सोयाबीनच्या पट्टीतून जातो, म्हणून इथंच लिहितो. जरा लांबलंय, सांभाळून घ्या.

माझी थोरली लेक पुण्यात नोकरीला आहे. वर्षभरापूर्वी तिनं दूध, दही, तूप, मध सगळं सोडलं. आम्ही माळकरी, मटण-अंड्याचा प्रश्न आमच्या घरात नव्हताच. पण व्हीगन म्हणजे जनावरापासून आलेलं काहीच नको. खाण्यातही नाही आणि वापरण्यातही नाही. चामडं नको, रेशीम नको, लोकर नको.

दिवाळीला ती आली त्याच्या आदल्या दिवशी आमची एचएफ गाय व्याली. कारभारणीनं लेकीसाठी खरवस केला. लहानपणी ही पोरगी खरवसाच्या पातेल्यापासून उठायची नाही. तिनं वाटी हातात घेतली अन् खाली ठेवली. म्हणली, "आई, हा चीक वासराचा आहे." कारभारीण काही बोलली नाही, वाटी उचलून आत गेली. मला राग आला. म्हणलं, "याच दुधावर तुझं शिक्षण झालं बाई."

ती म्हणली, "मला माहीत आहे अण्णा. एकच विचारते. मागच्या खेपेला गोऱ्हा झाला होता, तो कुठं आहे?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. खरं सांगतो, होतं, पण सांगण्यासारखं नव्हतं. एचएफचा गोऱ्हा. वशिंड नाही, जू मानेवर बसत नाही, ऊन सोसत नाही. शेतीला तो कामाचा नाही अन् आता नांगरट तशीही ट्रॅक्टरनं होते. दोन-अडीच महिन्यांचा झाल्यावर एका माणसाला देऊन टाकला. पैसे घेतले नाहीत. कुठं नेतो, हेही विचारलं नाही. गाईच्या कत्तलीला राज्यात आधीपासून बंदी होती, २०१५ पासून बैल आणि वळूही त्यात आले. कायदा कायद्याच्या जागी आहे. पण त्या गोऱ्ह्याला आयुष्यभर वैरण कोण घालणार, हे कायद्यात नाही. ज्यांच्याकडं संकरित गाई आहेत त्यांनी छातीवर हात ठेवून सांगावं, तुमचे गोऱ्हे कुठं गेले? आपल्या कृषी प्रदर्शनात दुधाच्या विक्रमाचे बोर्ड लागतात, या प्रश्नाचा बोर्ड मी कुठं पाहिला नाही.

म्हणून माझं पहिलं मत. आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर व्हीगन लोकांना शेतकऱ्यांचे दुश्मन म्हणून शिव्या घालायची पद्धत पडलीय, ती बंद करा. दुधाचा भाव माझ्या लेकीनं पाडला नाही. पावडर अन् बटरचा बाजार पडला की संकलनाचा दर पडतो, हे सगळ्यांना माहीत आहे. ती फक्त प्रश्न विचारते.

दुसरं मत थोडं उलट्या बाजूचं आहे. ते मी लेकीलाही ऐकवलं. झाडाचं खाल्लं म्हणजे जीव गेला नाही असं नाही. सोयाबीनवर चक्रीभुंगा, खोडमाशी, अळी यांना आम्ही मारतोच, नाही मारलं तर शेंग घरी येत नाही. ज्या भाजीला ती चांगली म्हणते तिच्या मुळाशी आमच्या गोठ्यातलं शेणखत आहे. त्यावर ती म्हणली, "सगळं शंभर टक्के जमत नाही म्हणून जमतं तेवढंही करायचं नाही का?" यावर मला वाद घालता आला नाही. आपण तरी विषमुक्त शेती एका दिवसात कुठं करतो? एक फवारणी कमी करतो, तेवढंच.

आता कामाचं. आठ दिवस ती घरी होती. त्या काळात आम्ही डबे अन् पाकिटं वाचायला शिकलो. तुमच्या घरीही कुणी असं असेल तर उपयोगी पडेल.

पाकिटावरचा हिरवा ठिपका बघून फसू नका. तो शाकाहारी पदार्थाचा. दूध आणि मध त्यात चालतात. व्हीगनसाठी एफएसएसएआयनं २०२२ साली वेगळे नियम काढले, त्याचं चिन्ह म्हणजे हिरव्या चौकोनात इंग्रजी व्ही आणि वर छोटं रोप. ते नसेल तर मागची घटकांची यादी वाचा. मिल्क सॉलिड्स, व्हे, केसिन असं लिहिलं असेल तर दूध आहे. साध्या बिस्किटात अन् ब्रेडमध्येही असू शकतं. रंगाच्या जागी १२० हा आकडा असला तर तो लाल रंग किड्यापासून काढलेला, ९०४ असला तर लाखेचा लेप. औषधाच्या मऊ कॅप्सूल बहुतेक जिलेटिनच्या, म्हणजे जनावराच्या हाडा-कातड्यापासून. साबणावर टॅलो लिहिलं असेल तर ती चरबी.

साखरेबद्दल तिच्या मनात शंका होती, कारण काही देशांत साखर पांढरी करायला हाडाचा कोळसा वापरतात. मी तिला सांगितलं, आपल्याकडचे कारखाने उसाचा रस चुना आणि गंधकाच्या धुरानं साफ करतात. गुऱ्हाळात तर भेंडीच्या झाडाचा चिकट रस वापरतात. गुळाची काळजी करू नको.

बाकी आमचं रोजचं ताट बघून तीच हसली. ज्वारीची भाकरी, पिठलं, ठेचा, जवसाची चटणी, कारळाची चटणी, आमटी, शेंगदाण्याची पोळी. यात दूध कुठं आहे? गरिबाचं ताट आधीपासूनच व्हीगन होतं, आपण त्याला नाव दिलं नव्हतं. अडतं ते चहाला, दह्याला, अन् पुरणपोळीवरच्या तुपाला. चहा तिनं गवती चहा अन् आलं घालून कोरा घेतला. पुरणपोळी तेलावर भाजली. माझी माय ऐंशीच्या घरातली, ती म्हणली, "दुष्काळात आम्ही तेलच लावायचो की."

एका गोष्टीत मी हट्ट धरला. बी-१२ जीवनसत्त्व वनस्पतीतून भरवशानं मिळत नाही. त्याची गोळी डॉक्टरला विचारून घ्यायचीच, हे तिच्याकडून कबूल करून घेतलं. हाडांसाठी नाचणी अन् बिनसोललेले तीळ.

आता सोयाबीनकडं येतो. लेकीनं पुण्याहून सोयादुधाचा डबा आणला होता, लिटरला दीडशेच्या आसपास. मी उलटून बघितला तर त्यात मुख्य माल पाणी अन् सोयाबीन. घरी करायला लिटरभर पाण्याला १२५ ग्रॅम सोयाबीन पुरतं. २०२४ च्या हंगामात हमीभाव क्विंटलला ४,८९२ होता, माझी आडतीची पट्टी ४,२०० ची निघाली. म्हणजे त्या एका लिटरात माझा माल सव्वापाच रुपयांचा. मान्य आहे, कारखाना, पॅकिंग, गाडी, दुकानदार सगळ्यांचं त्यात असतं. पण दीडशेत सव्वापाच? आपलं सोयाबीन तेलाला जातं, पेंड कोंबड्यांना अन् जनावरांना जाते. माणसाच्या ताटात ते थेट फार थोडं येतं, अन् येतं तेव्हा त्याचा पैसा आपल्या गावात येत नाही.

आम्ही घरी करून बघितलं. रात्रभर भिजवायचं, ते पाणी टाकायचं, चोळून टरफलं काढायची, गरम पाणी घालून वाटायचं म्हणजे उग्र वास कमी येतो, गाळायचं आणि हलवत १५-२० मिनिटं उकळायचं. उकळणं चुकवू नका. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांचं पचन अडवणारा घटक असतो, म्हणून तर आपण कोंबड्यांनाही कच्चं घालत नाही. आणि हात जोडून सांगतो, बियाण्याच्या पिशवीत उरलेलं, बीजप्रक्रिया केलेलं सोयाबीन चुकूनही वापरू नका, ते विष आहे. लिंबू पिळलं तर पनीरासारखं टोफू होतं. उरलेला चोथा थालीपिठात घातला, राहिलेला गाईच्या आंबोणात. गाईनं आवडीनं खाल्ला. लेक म्हणली, "बघा, आता गाय माझ्या ताटातलं उरलेलं खाते."

माझं तिसरं मत हेच. बचत गटांनी, शेतकरी कंपन्यांनी या मालाकडं फॅड म्हणून बघू नये. शहरात गिऱ्हाईक आहे, माल आपल्या शेतात आहे, मधली पायरी आपली नाही.

मी गाई सोडणार नाही. पंधरवड्याचं दुधाचं बिल आलं नाही तर किराणा येत नाही, ही माझी परिस्थिती. पण दोन गोष्टी बदलल्या. पुढच्या वेळी सेक्स सॉर्टेड सीमेन भरणार, त्यात साधारण ९० टक्के कालवडी होतात. महाग पडतं, पडू दे. आणि दिवाळीचा गोऱ्हा अजून दावणीला आहे. रोज वैरण खातो, दूध देणार नाही, औत ओढणार नाही. शेण देतो, तेवढाच हिशोब. किती दिवस ठेवणं परवडेल, मला सांगता येत नाही. पण यावेळी कुठं गेला असं लेकीनं विचारलं तर उत्तर द्यायचंय.

तुमच्याकडं गोऱ्ह्यांचं काय करता? खरं तेच खाली लिहा.