हाडांची भाषा

द्रविड कोण आणि ते मूळचे कुठले, हा प्रश्न निघाला की चर्चा शास्त्राच्या हातून निसटते आणि राजकारणाच्या हाती जाते. २०१९ मध्ये हरियाणातील राखीगढीच्या डीएनएचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हाही हेच घडले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६१ नमुने तपासले. नीट वाचता येईल असा डीएनए एका स्त्रीच्या सांगाड्यातून मिळाला. सिंधू संस्कृतीच्या भरभराटीच्या काळातील या स्त्रीत मध्य आशियाई गवताळ प्रदेशातील पशुपालकांचा अंश नव्हता. प्राचीन इराणच्या लोकांशी दूरचे नाते असलेला, पण शेती सुरू होण्यापूर्वीच त्यांच्यापासून वेगळा झालेला एक गट आणि उपखंडातले जुने शिकारी, अशा दोघांची ती वंशज. एवढ्यावरून कुणी सिंधू संस्कृती द्रविडांची ठरवली, कुणी आर्य इथलेच असल्याचे जाहीर केले. ती बाई कोणती भाषा बोलत होती, हे तिची हाडे सांगत नाहीत.

आणि ‘द्रविड’ हे तर भाषाकुलाचे नाव. तमिळ, तेलुगू, कन्नड या भाषांचे मूळ संस्कृतात नाही, हे फ्रान्सिस व्हाइट एलिस या मद्रासच्या अधिकाऱ्याने १८१६ मध्ये मांडले. रॉबर्ट कॉल्डवेल यांच्या १८५६ मधील तौलनिक व्याकरणाने हे नाव रूढ केले. पुढे नाका-डोक्याची मापे घेणाऱ्या वसाहतकालीन अभ्यासकांनी त्याचा ‘वंश’ करून टाकला. विज्ञानाने तो केव्हाच मोडीत काढला; भाषणांत आणि घराघरांत तो अजून सुखाने नांदतो. वास्तविक दोन-तीन पिढ्यांत एखादा समाज भाषा बदलू शकतो, जनुके तीच राहतात.

मग या भाषांचे मूळ गाव कोणते? बलुचिस्तानात बोलली जाणारी ब्राहुई ही द्रविड भाषा वायव्येकडे बोट दाखवते. पण तिच्यातले इराणी शब्द प्रामुख्याने बलुचीतून, म्हणजे अलीकडच्या काळात आलेले दिसतात. त्यामुळे तिचे भाषक दक्षिणेकडून उशिरा तिकडे गेले असावेत, असेही अभ्यासक म्हणतात. २० द्रविड भाषांच्या शब्दांची तुलना करणाऱ्या २०१८ मधील अभ्यासाने या कुलाचे वय सुमारे ४,५०० वर्षे काढले. जवळपास त्याच काळात कर्नाटक-आंध्रच्या कोरड्या पठारावर गुरे पाळणारे आणि मूग-कुळीथ पिकवणारे लोक राहत होते. शेण जाळून झालेले त्यांचे राखेचे ढिगारे आजही उभे आहेत. मूळ द्रविड शब्दसंग्रहातील झाडेझुडपे आणि पिकांची नावे अशाच पानगळीच्या प्रदेशाशी जुळतात. हा पुरावा वजनदार आहे. पण सिंधू लिपी वाचली जात नाही तोवर वायव्येचा दावा निकालात काढणे हाही उतावीळपणाच.

महाराष्ट्र या गोष्टीत प्रेक्षक नाही. ‘आम्ही निघालो’ आणि ‘आपण निघू’ यांतला फरक मराठी मूलही चुकत नाही. ऐकणाऱ्याला धरून किंवा वगळून बोलण्याची ही सोय तमिळमध्ये ‘नाम’ आणि ‘नाङ्गळ’ अशी आहे. मराठीतली ही खूण द्रविड शेजाराची, असे अनेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. तो शेजार गडचिरोलीत गोंडीच्या आणि यवतमाळात कोलामीच्या रूपाने अजून जिवंत आहे. या मध्य भारतीय शाखांत कोणते जुने शब्द टिकले, यावरही मूळ गावाचा शोध अवलंबून आहे. २०११ च्या जनगणनेत सुमारे ३० लाख भाषक असूनही गोंडीला आठव्या अनुसूचीत जागा नाही आणि कोलामीची मुले शाळेत मराठी शिकतात. त्यांच्या आजी-आजोबांकडची झाडांची, धान्यांची, जनावरांची नावे टिपायला डीएनएची प्रयोगशाळा लागत नाही. वही, ध्वनिमुद्रक आणि पाड्यावर चार-सहा महिने राहायची तयारी असलेले तरुण अभ्यासक लागतात. राज्यातल्या विद्यापीठांनी हे काम आता हाती घ्यावे. ही नावे जाणणारी माणसे सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत.